बाली-बँकॉकला निघालात? रेबीजबाबत या चुका टाळा

2021 मध्ये गोवा रेबीज-नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झाला. किनाऱ्यावर पायात घुटमळणाऱ्या कुत्र्याला थोपटायची सवय आपल्याला आहेच. मोपा-दाबोळी विमानतळावरून निघताना ती इथेच ठेवा. बालीत 2008 पासून रेबीज आहे. थायलंड, श्रीलंका, नेपाळमध्येही आहे. बालीतल्या उबूडच्या माकडांना केळी भरवत फोटो काढणंही नको. माकडाचा चावा कुत्र्याच्या चाव्याइतकाच गंभीर धरतात.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे ‘चावल्यावर बघू’. रक्त आलं की नुसती लस पुरत नाही, जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही, म्हणजे तयार प्रतिपिंडांचं सीरमही, टोचावं लागतं. मानवी सीरम वजनाच्या दर किलोला 20 युनिट लागतं, म्हणजे 60 किलोच्या माणसाला 1200. छोट्या बेटावरच्या दवाखान्यात ते मिळेलच असं नाही. आधी लस घेतली असेल तर सीरमची गरज उरत नाही. चावल्यावर 0 (म्हणजे पहिल्या डोसचा दिवस) आणि 3 या दिवशी लसीचे दोनच डोस लागतात. जागतिक आरोग्य संघटना आधीच्या लसीचे 0 आणि 7 या दिवशी दोन डोस पुरेसे मानते. आपल्याकडे बहुधा तिसराही देतात, 21 किंवा 28 व्या दिवशी. म्हणून तिकीट काढलं की लगेच, निदान महिनाभर आधी डॉक्टर गाठा.

जखम घाईत धुणं ही दुसरी चूक. नळाखाली साबणाने पूर्ण 15 मिनिटं धुवा, घड्याळ लावून. मग पोव्हिडोन आयोडीन हे जंतुनाशक लावा. हळद, मिरची, चुना काही नको. घट्ट पट्टी नको, टाके घालायची घाईही नको.

‘कुत्रं 10 दिवस बघू, मग ठरवू’ हेही चुकीचं. लस लगेच सुरू करायची. प्राण्यावर 10 दिवस लक्ष ठेवायचा नियम फक्त कुत्र्या-मांजराला लागू आहे, आणि परक्या गावात तुम्ही ते कुत्रं शोधणार कुठे? वटवाघळाच्या दाताची खूण तर दिसतही नाही. ते अंगाला लागलं तरी डॉक्टरकडे जा.

लस दंडात घ्या (लहान मुलांना मांडीत), कुल्ल्यावर नको. चरबीत तिचा प्रभाव कमी पडतो.

परतल्यावर कोर्स अर्धवट सोडणारेही बरेच. लसीचं नाव, बॅच आणि तारखा लिहिलेला कागद जपून आणा आणि बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजात (जीएमसी) दाखवा. लसीची कंपनी बदलली तरी कोर्स पहिल्यापासून करावा लागत नाही. तिकडे सीरम मिळालं नसेल, तर पहिल्या डोसपासून 7 दिवसांच्या आत इथे घेता येतं. चावून आठवडे उलटले आणि काहीच घेतलं नसेल तरी जा. लक्षणं दिसायला बहुधा 1 ते 3 महिने लागतात, तोवर लस उपयोगी पडते.