ठाण्याच्या खाडीवरून फँटसीचं जग कसं रचायचं

मराठीत फँटसी लिहायला घेतलेल्या बऱ्याच जणांच्या पहिल्याच पानावर बर्फ पडत असतो, पाइनची झाडं असतात, दगडी कॅसल असतो, आणि लिहिणारा राहतो मानपाड्याला. ज्यांचं वाचून आपण हे करतो त्यांनी मात्र स्वतः पाहिलेली, तुडवलेली जमीन वापरलीय. त्यामुळे आधी त्यांनी काय केलं ते बघा, मग आपलं.

'द हॉबिट' लिहिणारा टोल्किन १९११ मधे, १९ वर्षांचा असताना, मावशी, भाऊ आणि बाकी ग्रुपबरोबर स्वित्झर्लंडमधे पाठीवर सामान घेऊन भटकला. इंटरलाकेनहून लाउटरब्रुनेनच्या दरीत, दोन्ही बाजूंना सरळसोट कडे आणि वरून जवळजवळ ३०० मीटरचा धबधबा. त्याच्या पुस्तकातली रिव्हेन्डेल ही एल्फ लोकांची दरी म्हणजे हीच असं बरेच लोक मानतात, ठीक आहे. पण मला त्यापेक्षा भारी वाटतं ते हे, की सरकत्या दगडांवरून घसरत खाली पाइनच्या रानात पोचायचा प्रसंग त्या ट्रिपवरूनच घेतला हे त्याने पुढे मुलाला पत्रात लिहिलंय, आणि 'द हॉबिट' आलं १९३७ ला. म्हणजे नुसता देखावा नाही, पायांना काय झालं तेही त्याने जपून ठेवलं.

'गेम ऑफ थ्रोन्स'वाल्या जॉर्ज मार्टिनचं उदाहरण अजून सोपं. १९८१ मधे तो इंग्लंडमधे हेड्रियनच्या भिंतीवर उभा राहिला. रोमन लोकांनी इसवी सन १२२ मधे बांधायला घेतलेली, ११७ किलोमीटर लांब, पण उंचीला फार काही नाही. आपण रोमन शिपाई असतो आणि पलीकडून काय येईल ते माहीतच नसतं तर, एवढाच विचार त्याने केला. पुस्तकात ती भीती तशीच ठेवली आणि भिंत केली ७०० फुटांची, बर्फाची. सगळी ट्रिक यात आहे बघा, जागेतली एक गोष्ट उचलायची आणि तेवढीच अवाढव्य करायची, बाकीचं तिच्यामागे आपोआप येतं.

आता आपली जागा. मी खाडी घेईन. ठाण्याला लागून असलेलं येऊर पण मस्त आहे, बिल्डिंगची भिंत संपली की बिबट्याचं जंगल सुरू, पण जंगल सगळेच लिहितात. आणि येऊरला जाणार असाल तर दिवसाच जा, गेटवर विचारून जा, आणि आदिवासी पाड्यांवर वाघोबाचं देवस्थान दिसलं तर ते उचलून स्वतःच्या कादंबरीत डेकोरेशन म्हणून चिकटवू नका, आधी तिथल्या माणसांशी बोला.

खाडीवर एकदा जाऊन भागत नाही. एक फेरी अष्टमीच्या आसपास मारा, एक पौर्णिमेला किंवा अमावास्येला. कोळ्यांचा जुना हिशोब आहे, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा, आणि वद्य पक्षात परत एकपासून मोजायचं. हे अंदाजे असतं आणि आत ठाण्याकडे पाणी जरा उशिरा चढतं, पण ॲप न उघडता काम चालतं. अष्टमीला भांगाची भरती, पाणी धड चढतही नाही आणि धड उतरतही नाही. पौर्णिमेला उधाण. ओहोटीला काठावर नुसतं उभं रहा, तिवरांची मुळं चिखलातून पेन्सिली खोचल्यासारखी वर आलेली दिसतील, मधेच निवटी सरपटत जाईल, दोन डोळे डोक्यावर, मासा असून चिखलात मजेत चालते. तोच चिखल काही तासांनी पूर्ण गायब. थंडीपासून उन्हाळ्यापर्यंत ऐरोलीहून बोटीने फ्लेमिंगो बघता येतात, त्यासाठी भरतीची वेळ बघून बुकिंग करावं लागतं, म्हणजे तिथला धंदासुद्धा चंद्रावरच चालतो!

तर खाडीतली मोठी करायची गोष्ट ही. आपल्याकडे उधाणाला पाणी चार-पाच मीटर चढतं, तुम्ही पन्नास करा. मग बसून प्रश्न विचारा. घरं कशावर? लग्नाचे मुहूर्त कोण काढतं, भट की नावाडी? चोर कोणत्या तिथीला येतात, कर्ज कोणत्या तिथीला फेडायचं? यांची उत्तरं आली की जादू वेगळी घालायची गरज पडत नाही बऱ्याचदा.

मग नकाशा. टोल्किन आधी नकाशा करायचा आणि गोष्ट त्यात बसवायचा, तुम्हीही तसंच करा, पण अंतरं किलोमीटरमधे लिहू नका, चालायला किती वेळ लागतो ते लिहा आणि पावसाळ्यातलं वेगळं लिहा. जुनं ठाणं साष्टी बेटाच्या काठावर आहे, कळव्याला जायचं तर पाणी ओलांडायचंच, म्हणून ही वाट ज्याच्या ताब्यात त्याची मजा. पोर्तुगीजांनी इथे किल्ला बांधायला घेतला, १७३७ मधे मराठ्यांनी तो घेतला, १७७४ मधे इंग्रजांनी, आणि आज त्यात जेल आहे. चार मालक बदललेली एक इमारत तुमच्या नकाशावर पण असू दे, प्रत्येकाने आपापलं काहीतरी बांधलेलं, आणि आताच्या लोकांना त्यातलं अर्धंच माहीत.

नावांसाठी एल्फिश वगैरे नको. ऐरोली, घणसोली, बाळकुम, कोलशेत अशी ओळीने मोठ्याने वाचा, शेवट कसे होतात ते कानात बसेल, मग तशाच वळणाची चार-पाच नवी बनवा.

पहिलं प्रकरण झालं की खाडीकाठी वाढलेल्या कोणालातरी वाचायला द्या. "अरे ही तर आपली खाडी" असं पहिल्याच पानावर म्हणाला तर अजून वाढवायला वाव आहे. जागा ओळखली नाही, पण आकाशातला चंद्र वाचून "आता ह्यांची वाट बंद होणार" हे तुमच्याआधी बोलला, तर दुसरं प्रकरण लिहायला घ्या.