इन्सुलिन भरण्याआधी टोपणाचा रंग बघा

मागे एकदा आईची शुगर सलग तीन दिवस तीनशेच्या खाली यायलाच तयार नव्हती. खाणं तेच, डोस तोच. तिसऱ्या रात्री ओट्यावरचं सिरिंजचं टोपण उचललं आणि लख्ख प्रकाश पडला. टोपण नारिंगी होतं; आमच्याकडे लागतं लाल. मेडिकलवाल्याने ‘सगळं एकच असतं’ म्हणत दिलेलं पाकीट आम्हीही डोळे झाकून घरी आणलं होतं.

आपल्याकडे मिळणाऱ्या १० मिलीच्या बऱ्याच बाटल्या ४० च्या असतात, म्हणजे मिलीमागे ४० युनिट आणि बाटलीत ४००. पेनचं कार्ट्रिज १०० चं असतं, काही बाटल्याही १०० च्या येतात. ४० ला लाल टोपणाची सिरिंज, १०० ला नारिंगी. ४० ची बाटली आणि नारिंगी सिरिंज घेऊन २० च्या रेघेपर्यंत भरलं, तर जातं ०.२ मिली, म्हणजे जेमतेम ८ युनिट. आईला तेवढंच मिळत होतं. उलट चूक जीवघेणी: १०० ची बाटली, लाल सिरिंज, रेघ तीच २० ची, पण अंगात जातात ५० युनिट. अडीचने गुणून-भागून वेळ मारून नेऊ नका, सिरिंज बदलून आणा. आणि चूक सापडली की राहिलेला डोस आपल्या मनाने टोचू नका. आम्ही आधी डॉक्टरांना फोन केला.

आता भरायला घ्या. हात साबणाने धुवा, बाटलीवरचं नाव, आकडा आणि मुदत चिठ्ठीशी ताडून बघा. ३०/७० सारखं दुधाळ इन्सुलिन असेल तर बाटली दोन्ही तळहातांत आडवी धरून वीसेक वेळा घोळवा, रवी फिरवतो तशी. खळाखळा हलवलं की फेस होतो आणि माप चुकतं. तळाशी साका राहता कामा नये. गुठळ्या दिसल्या किंवा काचेला बर्फासारखे कण चिकटले तर ती बाटली बाद. पारदर्शक इन्सुलिन घोळवावं लागत नाही, पण ते गढूळलं असेल तर वापरू नका.

रबराचं बूच स्पिरिटने पुसून वाळू द्या. २० युनिट हवे असतील तर आधी सिरिंजमध्ये २० पर्यंत हवा ओढा आणि बाटली उभी असताना ती आत सोडा. नाहीतर बाटलीत ओढ बसते आणि दट्ट्या मागे येता येत नाही. मग बाटली उलटी करून डोळ्यांसमोर धरा, सुईचं टोक इन्सुलिनमध्ये बुडालेलं ठेवून रेघेच्या थोडं पुढे ओढा, टिचकी मारून बुडबुडे वर आणा आणि जास्तीचं परत बाटलीत ढकला. वाचायची ती दट्ट्याच्या काळ्या रबराची सुईकडची कड. बारीक बुडबुडा कातडीखाली गेला म्हणून अपाय होत नाही; पण त्याच्याएवढं इन्सुलिन कमी जातं.

टोचायचं बेंबीपासून दोनेक इंच सोडून पोटावर, नाहीतर मांडीच्या बाहेरच्या बाजूला. कातडी चिमटीत धरा, सुई सरळ आत, दट्ट्या दाबून दहा आकडे मोजा, मग काढा. चोळू नका. रोज जागा बदला. आईच्या उजव्या बाजूला सवयीने गाठ झाली होती आणि तिथलं इन्सुलिन कधी लागू पडे, कधी नाही. नंतर शुगर फार उतरून दरदरून घाम सुटला, हात थरथरले तर तीन चमचे साखर पाण्यातून द्या आणि पंधरा मिनिटांनी शुगर तपासा. शुद्ध नसेल तर तोंडात काहीही घालू नका, थेट दवाखाना गाठा. वापरलेली सुई जाड प्लास्टिकच्या बरणीत टाका. कचरा उचलणाऱ्या बाईंच्या हाताला ती टोचू नये.

न उघडलेली बाटली फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांत ठेवा, फ्रीजरमध्ये कधीच नाही. उघडली की तिच्यावर तारीख लिहा, साधारण चार आठवडे चालते.

आईला सकाळी २० आणि रात्री १२ युनिट लागतात, म्हणजे एक बाटली बारा दिवस. नारिंगी सिरिंजने तीच महिनाभर पुरली असती. चौदाव्या दिवशीही बाटलीत इन्सुलिन दिसलं, की मी ग्लुकोमीटर शोधण्याआधी डस्टबिनमधलं टोपण बघतो.