मोबाइल कंपनीला कामी येईल अशी सूचना कशी लिहावी

‘रेंज सुधारा’, ‘नेट फार स्लो आहे’, ‘कस्टमर केअर नीट करा’ अशा सूचना मोबाइल कंपन्यांकडे सतत जात असतात, आणि त्यांतल्या बहुतेकींचे पुढे काहीच होत नाही. यामागे दर वेळी कंपनीची अनास्थाच असते असे नाही. ती सूचना वाचणाऱ्याला ती कोणत्या विभागाकडे पाठवायची आणि त्या विभागाने नेमके काय करायचे, हे तिच्यावरून कळतच नाही. ठिकाण, वेळ, मोजमाप आणि हवा असलेला बदल या चार गोष्टी असलेली पाच ओळींची सूचना दोन पानांच्या त्राग्यापेक्षा लवकर मार्गी लागते.

लिहायला बसण्यापूर्वी आपल्याकडे तक्रार आहे की सूचना, हे ठरवून घ्यावे. चुकीची रक्कम कापली गेली किंवा सिम बंद पडले, तर ती आपल्या खात्यापुरती तक्रार असते आणि ती तक्रार क्रमांक घेऊनच नोंदवली पाहिजे. असे प्रकार सर्वांच्याच बाबतीत घडू नयेत म्हणून व्यवस्थेत काय बदलावे, हे सांगणे म्हणजे सूचना. दोन्ही गोष्टी एकाच पत्रात लिहिल्या, तर पैसे परत मिळताच प्रकरण ‘निकाली’ म्हणून बंद होते आणि सूचनाही त्याबरोबर गाडली जाते. म्हणून दोन स्वतंत्र पत्रे लिहिलेली बरी.

सर्वाधिक सूचना नेटवर्कविषयी असतात आणि सर्वाधिक मोघमपणाही तिथेच आढळतो. आधी दोष आपल्या फोनचा नाही ना, हे पाहावे. त्याच कंपनीचे सिम असलेला दुसरा फोन त्याच जागी नीट चालत असेल, तर कंपनीला लिहिण्यात अर्थ नाही. त्यानंतर रेंज कमी आहे की टॉवरवर गर्दी आहे, हे ओळखावे, कारण या दोन दुखण्यांवरचे उपाय पूर्णपणे वेगळे आहेत. पडद्यावर रेंज दाखवणाऱ्या उभ्या रेघांवर विसंबू नये; त्यांचे प्रमाण प्रत्येक फोननिर्माता आपापल्या पद्धतीने ठरवतो. अनेक अँड्रॉइड फोनमध्ये सेटिंग्जच्या ‘फोनविषयी’ भागात, सिमच्या स्थितीखाली, सिग्नलची ताकद डीबीएम या एककात दिसते. हा आकडा उणे असतो आणि तो शून्याच्या जितका जवळ, तितका सिग्नल चांगला. ४जी जोडणीवर उणे ८० च्या आसपास स्थिती उत्तम समजली जाते, तर उणे ११० च्या खाली कॉल आणि डेटा दोन्ही अडखळू लागतात. यातला १० चा फरक किरकोळ वाटला, तरी तो सिग्नलची शक्ती एक दशांशावर आल्याचा असतो.

आकडा चांगला आहे आणि तरीही इंटरनेट रखडते, अशा वेळी गर्दीचा संशय घ्यावा. वाय-फाय बंद करून एकाच जागी पहाटे आणि पुन्हा रात्री नऊच्या सुमारास वेग मोजावा आणि असे काही दिवस करावे. पहाटे वेगवान असलेली जोडणी रात्री रोज कोलमडत असेल, तर त्या टॉवरची क्षमता अपुरी पडते आहे, असे म्हणायला भक्कम आधार मिळतो. उलट आकडा दिवसभर खालीच राहत असेल, तर प्रश्न सिग्नल पोहोचण्याचा आहे. घराबाहेर रेंज चांगली आणि आत वाईट असेल, तर तेही लिहावे: ७०० ते ९०० मेगाहर्ट्झसारख्या खालच्या फ्रिक्वेन्सीच्या लहरी भिंतींतून बऱ्यापैकी आत शिरतात, तर २६०० किंवा ३५०० मेगाहर्ट्झच्या लहरी जाड भिंतींपाशी आणि धातूचा पातळ थर दिलेल्या काचांपाशी बऱ्याच क्षीण होतात. अशा इमारतींसाठी वाय-फायवरून कॉल करण्याची सोय सर्व प्लॅनमध्ये आणि अधिकाधिक फोनवर सुरू करावी, ही मागणी रास्त असते आणि ती पुरी करायला नवे बांधकामही लागत नाही.

प्रवासात कॉल तुटतो तेव्हा प्रवासाची दिशा लिहायला विसरू नये. चालू कॉल एका टॉवरकडून दुसऱ्याकडे सोपवता यावा म्हणून प्रत्येक सेलसाठी, म्हणजे टॉवरवरच्या एका अँटेनाने व्यापलेल्या भागासाठी, शेजारच्या सेलची यादी असते, आणि ती दोन्ही बाजूंनी सारखीच असेल असे नाही. त्यामुळे पुलावर जाताना तुटणारा कॉल येताना व्यवस्थित चालू राहू शकतो. ही एवढी नोंद अभियंत्याचा पुष्कळ शोध वाचवते.

नेटवर्कविषयीची सूचना साधारण अशी असावी: ‘अमुक चौकालगतच्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर, रोज रात्री आठ ते अकरा या वेळेत सिग्नल उणे ८५ असूनही डेटाचा वेग पहाटेच्या तुलनेत फारच कमी होतो. पाच दिवसांच्या नोंदी सोबत जोडल्या आहेत. या भागातील सेलची क्षमता तपासून वाढवावी.’ ‘इथे नवा टॉवर उभारा’ असे मात्र सहसा लिहू नये. टॉवरसाठी जागा, परवानग्या, वीज आणि फायबर हे सगळे जमवावे लागते, आणि पुष्कळदा अँटेनाचा कल बदलून किंवा जादा फ्रिक्वेन्सी सुरू करूनही काम भागते. त्रास आपण सांगावा आणि उपाय अभियंत्यांवर सोडावा, हे माझे ठाम मत आहे.

कंपनीच्या संदेशांबाबत मात्र उलट वागावे, म्हणजे उपायच लिहून द्यावा. ‘प्रिय ग्राहक, आपल्या सेवेविषयी महत्त्वाची सूचना’ अशा सुरुवातीतच अर्धी जागा संपते, आणि एसएमएसमध्ये जागा खरोखरच मोजकी असते. लॅटिन लिपीत एका संदेशात १६० अक्षरे मावतात, पण देवनागरी मजकूर सहसा ७० अक्षरचिन्हांतच बसवावा लागतो, ज्यात काना, मात्रा आणि अनुस्वारही स्वतंत्र धरले जातात. आता हा मजकूर पाहा: ‘तुमचा पॅक रविवारी रात्री १२ ला संपतो. नंतर कॉल येतील, पण जाणार नाहीत.’ मोकळ्या जागा आणि विरामचिन्हे धरून यात ६९ चिन्हे आहेत, आणि ग्राहकाला हवी असलेली दोन्ही उत्तरे यात मिळतात. असा तयार मजकूर हाती आला, तर संबंधित विभागाला फक्त मंजुरी द्यायची उरते.

ॲप आणि स्वयंचलित फोन-उत्तरांविषयी लिहिताना पायऱ्या मोजाव्यात. माणसाशी बोलण्यापर्यंत किती वेळा आकडे दाबावे लागले आणि जाहिराती कोणत्या टप्प्यावर लागल्या, हे क्रमाने मांडावे. पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या सुविधेवर अवलंबून असलेल्या ग्राहकांना एखाद्या चित्राच्या जागी नुसतेच ‘बटण’ ऐकू येत असेल, तर त्या पानाचे आणि चित्राचे नेमके वर्णन द्यावे. ही दुरुस्ती सोपी असते. सुरक्षिततेची एक सूचना मात्र प्रत्येकानेच करावी अशी आहे: नव्या सिमची मागणी येताच जुन्या सिमवर संदेश यावा आणि नकार देण्यासाठी पुरेसा अवधी मिळावा. बँकेचे ओटीपी त्याच क्रमांकावर येत असल्याने सिम परस्पर बदलले गेले, तर नुकसान फोनपुरते राहत नाही.

सूचना ॲपमधून किंवा ईमेलने, लेखी स्वरूपातच द्यावी आणि पोचक्रमांक मागून घ्यावा. एका पत्रात एकच विषय ठेवावा. शेजाऱ्यांनाही तोच त्रास होत असेल, तर प्रत्येकाने आपापल्या फोनवरच्या नोंदींसह वेगळे लिहावे. एकाच मजकुराखालच्या पन्नास सह्या अभियंत्याच्या फारशा उपयोगी पडत नाहीत. ओटीपी, पिन किंवा पीयूके (अडकलेले सिम उघडण्याचा क्रमांक) कुठेही लिहू नये, आणि समाजमाध्यमावर उघडपणे लिहिताना मोबाइल क्रमांक आणि पत्ताही देऊ नये.

‘समस्या सोडवली आहे’ असे उत्तर आले, की त्याच जागी आणि त्याच वेळी पुन्हा मोजून पाहावे. फरक पडला नसेल, तर नवी सूचना न करता जुन्याच पोचक्रमांकाखाली आधीचे आणि आताचे आकडे शेजारी ठेवून उत्तर द्यावे, म्हणजे प्रकरण पुन्हा पहिल्या टेबलावरून सुरू होत नाही.