कॉन्सर्टचं पोस्टर घरीच स्क्रीन प्रिंट करायचं असेल तर: तीन रंग, पन्नास प्रती

सगळ्यात आधी हे सांगते, की पोस्टर लॅपटॉपवर पूर्ण सजवून मग "चला आता छापू" असं करायला गेलात तर फसाल. स्क्रीन प्रिंटमध्ये फ्रेमवर ताणलेल्या जाळीतून शाई कागदावर उतरवतात आणि प्रत्येक रंगाला वेगळी जाळी लागते, वेगळी धुलाई, वेगळं वाळवण, म्हणजे सात रंग ठेवले की सात वेळा तोच सगळा खटाटोप आणि सात वेळा कागद सरकायची भीती. त्यामुळे कागदावर पहिली रेघ मारायच्या आधी ठरवा, किती रंग आणि कुठला रंग कुठल्यावर बसणार. माझं मत विचाराल तर तीन. तीनच्या वर पहिल्या वेळी जाऊच नका.

तीन रंग म्हणजे कमी असं वाटतं पण तसं नाहीये. शाईत ट्रान्सपरंट बेस मिसळला की खालचा रंग वरून दिसतो, पिवळ्यावर निळा चढला की हिरवा फुकटात मिळतो. मागे एका मित्राच्या बँडसाठी पोस्टर केलं तेव्हा गिटार, माईक वगैरे काढायचं नाही असं आधीच ठरवलं होतं, आणि विरार लोकलमध्ये उभी असताना वर बघितलं तर तो छताचा पंखा, गोल जाळीचा, अगदी स्पीकरसारखा! मग तेच केलं, पिवळ्यात पंख्याची पाती, निळ्यात स्पीकरची वर्तुळं, दोन्ही एकमेकांवर पडली की मधे हिरवा, आणि शेवटी गडद तपकिरी रंगात अक्षरं. सॉफ्टवेअरमध्ये लेअर मल्टिप्लायवर (म्हणजे खालचा रंग वरून दिसेल अशा मोडवर) टाकून बघितलं की अंदाज येतो, पण अंदाजच, खरा रंग कागदावर कळतो.

आता अक्षरांबद्दल, कारण मराठी पोस्टरमध्ये खरी मजा तिथेच आहे आणि खरा घोळ पण तिथेच. आपल्याकडे नाटकांच्या शीर्षकांची केवढी मोठी परंपरा आहे, कमल शेडगेंची अक्षरं बघा, नाटकाचं नाव वाचायच्या आधीच त्याचा मूड कळतो. त्यामुळे बँडचं नाव शक्यतो हाताने काढा, ब्रशने, मार्करने, कशानेही, आणि तारीख-वेळ-हॉल यासाठी फॉन्ट वापरा. 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्यांचे मुक्ता, बलू हे फॉन्ट फुकट मिळतात आणि जाड वजनात (म्हणजे बोल्ड) छान छापले जातात. बारीक वजन नको. शिरोरेखा पातळ असली की जाळीच्या धाग्यांमुळे तिची कड करवतीसारखी दातेरी येते, आणि क्ष, श्र, द्ध यांच्या पोटातल्या फटी शाईने बुजतात.

आणि अनुस्वार. हे मी स्वतः भोगलंय. खालच्या ओळीत हॉलचा पत्ता होता, त्यात 'मुंबई'वरचा अनुस्वार इतका बारीक ठेवला होता की एक्स्पोज करताना, म्हणजे जाळीवरच्या लेपावर उजेड पाडून डिझाइन उतरवताना, तिथली जाळी उघडलीच नाही, आणि बावीस कागद छापून झाल्यावर लक्षात आलं की सगळीकडे 'मुबई' आहे. बावीस! शेवटी प्रत्येकावर बारीक ब्रशने टिंब दिलं, पण ते जवळून बघितलं की कळतंच. तेव्हापासून नियम केलाय, अनुस्वार आणि रफार फॉन्टमध्ये असतात त्यापेक्षा मुद्दाम मोठे करायचे, कुठलंही टिंब एक मिलिमीटरच्या खाली नाही, आणि जाळी धुतल्यावर ती उजेडासमोर धरून मजकूर अक्षर अक्षर वाचायचा. मोठ्याने वाचा, खरंच.

कागदाचं गणित असं. बाजारात २० बाय ३० इंचाची शीट मिळते, तिचे मधोमध दोन तुकडे केले की १५ बाय २० ची दोन पोस्टरं. मोठं हवं असेल तर २३ बाय ३६ ची घ्या, त्यात १८ बाय २३ ची दोन बसतात. जाडी २५० ते ३०० जीएसएम, चकचकीत नको, शाई पिणारा कागद हवा. मुंबईत अब्दुल रेहमान स्ट्रीटला एकदा पायी फिरा, हात लावून बघा, घाई करू नका. हातकागदाचा मोह होतो, मलाही झाला होता, पण त्याच्या कडा सरळ नसतात त्यामुळे दर रंगाला कागद त्याच जागी बसवणं फार अवघड जातं. एका रंगाचं पोस्टर असेल तर जरूर वापरा. पन्नास प्रती हव्या असतील तर पासष्ट कागद कापून ठेवा, प्रत्येक रंगाला तीन-चार वाया जातातच आणि सुरुवातीचे काही सेटिंगमध्येच जातात. कागद आणल्यावर एक दिवस खोलीत उघडे ठेवा, म्हणजे इथल्या दमट हवेची त्यांना सवय होईल. कागद ओलावा पितो आणि फुगतो, आज पिवळा छापला आणि चार दिवसांनी पावसात निळा छापला तर एक-दीड मिलिमीटरचा फरक सहज पडतो. म्हणून सगळे रंग लागोपाठ दोन दिवसांत संपवा आणि रंग एकमेकांना भिडतात तिथे अर्धा ते एक मिलिमीटर एकमेकांवर चढवा. आधी फिका, शेवटी गडद.

जाळी कागदासाठी ९० ते १२० ची, म्हणजे एका सेंटिमीटरमध्ये तेवढे धागे. फोटो असेल तर हाफटोनचे ठिपके करावे लागतात, १२० च्या जाळीवर इंचाला ठिपक्यांच्या ४५-५० ओळींपर्यंत आरामात येतं, अँगल साडेबावीस अंश ठेवा नाहीतर जाळी आणि ठिपके मिळून नको ती नक्षी तयार होते. फ्रेम अॅल्युमिनियमची घ्या, लाकडाची आपल्या पावसात वाकते. पॉझिटिव्ह, म्हणजे एकेका रंगाच्या डिझाइनची काळी प्रत, काढताना लोक बटर पेपरवर लेझर प्रिंट घेतात, स्वस्त पडतं, पण मशीनच्या उष्णतेने तो कागद जरासा आक्रसतो आणि तीन रंगांचे तीन पॉझिटिव्ह तीन मापाचे होतात. दोन पैसे जास्त गेले तरी फिल्मवरच काढा, आणि काळा इतका काळा हवा की ट्यूबलाइटसमोर धरला तरी पलीकडचं काही दिसू नये.

इमल्शन, म्हणजे जाळीला लावायचा, उजेडाने घट्ट होणारा लेप, डायझो किंवा फोटोपॉलिमरचं घ्या. जुन्या कारखान्यांमध्ये बायक्रोमेट मिसळून वापरायचे, ते घरात आणूच नका, त्यातलं क्रोमियम कॅन्सरकारक आहे. पिवळ्या बल्बच्या उजेडात बाहेरच्या (कागदाकडच्या) बाजूने दोन हात, आतल्या बाजूने एक हात, आणि फ्रेम आडवी, बाहेरची बाजू खाली करून अंधारात पंख्याखाली वाळत ठेवा. आता मुंबईतली अडचण ही की जून ते सप्टेंबर हाताला कोरडं लागतं पण आत ओलच असते, आणि मग एक्स्पोज करून पाणी मारलं की सगळं डिझाइन साबणासारखं वाहून जातं. मी एक जुनं कपाट त्यासाठीच ठेवलंय, तळाला सिलिका जेलच्या पिशव्या, छोटा पंखा, आणि पावसाळ्यात फ्रेम रात्रभर आत. घाई नाही करायची.

एक्स्पोजसाठी पन्नास वॉटचा यूव्ही एलईडी दिवा पुरतो. फिल्मची शाईची बाजू इमल्शनला चिकटलेली हवी आणि वरून बघताना अक्षरं उलटी दिसली पाहिजेत, त्यावर जड काच. किती वेळ हे मला विचारू नका, प्रत्येकाचा दिवा आणि अंतर वेगळं असतं. एक पट्टी टेस्ट करा, पुठ्ठ्याने झाकून दर मिनिटाला दोन इंच उघडत जा, मग धुवून बघा. कमी पडलं असेल तर आतली बाजू बुळबुळीत लागते, जास्त झालं असेल तर बारीक टिंबं बुजतात (माझा अनुस्वार असाच गेला). धुवायला पाणी भरपूर लागतं, आणि आमच्याकडे तर पाणी सकाळीच येतं, त्यामुळे मी रात्री एक्स्पोज न करता पहाटे करते म्हणजे लगेच नळाखाली. तुमच्याकडेही तसंच असेल तर निदान पिंप भरून ठेवा, अर्ध्यात पाणी संपलं तर ती जाळी गेली.

छापताना हात कसा चालवायचा हे मी गिरगावात शिकले. सी. पी. टँकजवळ, खाडिलकर रोडच्या बाजूला लग्नपत्रिकांची दुकानं आहेत, त्यातल्या एकासाठी छपाई करणाऱ्या एका काकांकडे मी चार-पाच शनिवार जाऊन नुसती उभी राहायचे. ते म्हणायचे, "अगं पोरी, रबर दाबू नकोस, ओढ. शाई आपोआप खाली जाते, तिला ढकलायला लागत नाही." मी म्हटलं, "काका, पण मधे पुसट येतंय." तर त्यांनी माझ्या हातातून स्क्वीजी, म्हणजे ते शाई ओढायचं रबर, घेतली नाही, नुसता माझा कोपर धरून जरा वर उचलला. तेवढ्यानेच छाप एकसारखा आला. रबर साधारण सत्तर अंशात तिरपं, दोन्ही हातांचं वजन सारखं, आणि एका दमात, मधे थांबायचं नाही.

जाळी आणि कागद यांच्यात दोन-अडीच मिलिमीटरची फट हवी, नाहीतर जाळी कागदाला चिकटून राहते आणि कड फाटल्यासारखी येते. फ्रेमच्या चारही कोपऱ्यांखाली तीन-तीन जुनी एटीएम कार्डं एकावर एक चिकटवा, बरोबर माप होतं. फ्रेम बिजागरीच्या क्लॅम्पने पाटाला पक्की करा. पाटावर टेकू म्हणून पुठ्ठ्याचे तीन तुकडे चिकटवा, दोन लांब बाजूला आणि एक आखूड बाजूला, दर वेळी कागद याच तिघांना टेकवायचा, आणि तिन्ही रंगांना कागदाचे तेच दोन काठ. दुसऱ्या रंगाला आधी एक पारदर्शक प्लास्टिक शीट पाटावर एका बाजूने चिकटवून त्याच्यावर छाप घ्या, मग खाली पहिला रंग छापलेला कागद सरकवून जुळवा, जुळला की टेकू तिथेच चिकटवा आणि प्लास्टिक काढून टाका.

शाई पाण्यावरची वापरा, घरात थिनरचा वास सहन होत नाही आणि चांगलाही नाही. १५ बाय २० ला पूर्ण भरलेला रंग असेल तरी पासष्ट कागदांना अर्धा किलो पुरते, पण एकदम मिसळा, अर्ध्यात संपली तर तोच रंग परत जुळत नाही. पंखा बंद. हो, मुंबईत, पंखा बंद, नाहीतर शाई जाळीतच सुकते. प्रत्येक छापानंतर फ्रेम वर असतानाच शाई हलक्या हाताने जाळीवर पसरवून ठेवायची, आणि शाईत थोडं रिटार्डर, ती सावकाश सुकावी म्हणून. वाळवायला आमच्या गॅलरीत दोन दोऱ्या आणि चिमटे, शेजारच्या काकू आधी विचारायच्या हे काय चाललंय, आता त्या स्वतःच दोरी रिकामी करून देतात.

एक प्रयोग नक्की करा, एकाच जाळीवर दोन शाया शेजारी शेजारी ओतून रबर ओढा, पाच-सहा छापांनंतर मधे सुंदर मिसळतात आणि कुठलीही दोन पोस्टरं सारखी येत नाहीत. १९६७ च्या सुमाराला लंडनमध्ये मायकल इंग्लिश आणि नायजेल वेमथ या जोडीने रॉक कॉन्सर्टची पोस्टरं अशीच छापली होती, इंद्रधनुष्यासारखे रंग आणि सोनेरी-चंदेरी शाई. त्याच काळातली सॅन फ्रान्सिस्कोची गाजलेली पोस्टरं मात्र बहुतेक ऑफसेटवर छापलेली आहेत, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. आणि सोनेरी शाई तर आपल्या पत्रिकावाल्यांची रोजचीच आहे, घरच्या इंकजेटला ती चमक येत नाही, मग ती आपल्या पोस्टरवर का नको?

छापायच्या आधी बँडची आणि शो करणाऱ्यांची परवानगी लेखी घ्या, मेसेजवर का होईना. किती प्रती, किती त्यांना, किती तुम्हाला, विक्रीचे पैसे कसे वाटायचे, सगळं आधी. मैत्री असली तरी. आणि पन्नास म्हणजे पन्नासच. खराब आलेले बाजूला काढा, चांगल्यांवर खाली डावीकडे पेन्सिलने १/५० असा नंबर, उजवीकडे सही. पेन नको, पेन्सिलच. चार-पाच स्वतःसाठी ठेवले तर त्यावर आर्टिस्ट प्रूफ लिहा, ते पन्नासात मोजू नका.

शेवटचा कागद वाळला की त्याच दिवशी जाळी साफ करा, नंतर मागणी आली तरी परत छापता येऊ नये म्हणून. ज्याने बेचाळीस नंबरचं पोस्टर पैसे देऊन घेतलंय त्याला आपण शब्द दिलेला असतो. स्टेन्सिल रिमूव्हर लावून चार-पाच मिनिटं थांबा, त्याला जाळीवर वाळू देऊ नका नाहीतर इमल्शन कायमचं बसतं, मग जोरात पाणी. उरलेली शाई कागदाने पुसून कचऱ्यात टाका, मोरीत ओतू नका. आणि पोस्टरं किमान एक दिवस पूर्ण वाळल्याशिवाय गुंडाळू नका, मधे बटर पेपर, बाहेर पुठ्ठ्याची नळी, पावसाळा असेल तर तिच्यावर प्लास्टिक, आणि लोकलमध्ये ती नळी रॅकवर न ठेवता हातातच धरा.