जागलीचा स्पीकर भंगारातून बनवताय? या चुका टाळा

सोयाबीनच्या शेंगा भरू लागल्या की आमच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या शिवारात रात्री माळ्यामाळ्यावर स्पीकर वाजू लागतात. जागलीला, म्हणजे रात्रीच्या राखणीला, रानडुकरं आणि रोही (नीलगायी) हाकलायला. बहुतेक घरीच बनवलेले असतात: जुन्या टीव्हीचे नाहीतर होम थिएटरचे स्पीकर, फवारणी पंपाची बॅटरी आणि बाजारातून आणलेला अँप्लिफायरचा, म्हणजे आवाज मोठा करणारा बोर्ड. मग पोरं माझ्याकडे येतात आणि तक्रार ठरलेली असते. "भाऊ, आवाज वाढवला का फाटून रायला." येण्याआधी त्यांनी एक उपाय करून पाहिलेला असतो, तो म्हणजे आणखी मोठ्या वॉटचा बोर्ड. म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

बोर्डावरचा वॉटचा आकडा

टीपीए३११६ चिपचा बोर्ड '५० अधिक ५० वॉट' म्हणून मिळतो. आकडा खोटा नाही, पण तो २१ व्होल्ट आणि ४ ओहमच्या स्पीकरवरचा आहे. तुमच्याकडे बॅटरी १२ व्होल्टची. हा बोर्ड स्पीकरला फार तर बॅटरीइतकंच व्होल्टेज देऊ शकतो. व्होल्टचा वर्ग करा आणि ओहमच्या दुपटीने भागा. १४४ भागिले १६, म्हणजे ८ ओहमवर ९ वॉट. ४ ओहमवर १८. चिपमध्ये आणि तारेत थोडं गळतं ते वेगळंच. त्यापुढे बटण फिरवलं की आवाजाच्या लाटेचे शेंडे कापले जातात. फाटणं म्हणतो ते हेच. २०० वॉटचा बोर्ड आणला तरी शेंडे तिथेच कापले जाणार, कारण बॅटरी तीच आहे.

आणि वॉट दुप्पट केले तरी आवाज वाढतो ३ डेसिबल, म्हणजे कानाला जेमतेम कळेल एवढाच. तेवढाच फरक नुसता स्पीकर बदलून फुकटात मिळतो. जुन्या टीव्हीतला, रेडिओतला हलक्या कागदी कोनाचा (पुढे-मागे हलणाऱ्या शंकूचा) स्पीकर दोन-तीन वॉटवरही खणखणीत बोलतो. होम थिएटरचा जड कोनाचा सबवूफर (घुमणाऱ्या आवाजाचा स्पीकर) मात्र ९ वॉटवर ढिम्म बसून राहतो. भंगारवाल्याकडे पोरं नेमकी तोच उचलतात, कारण चुंबक मोठं दिसतं. शेतात लांबवर माणसाच्या आवाजाच्या पट्टीतला आवाज ऐकू जातो, घुमणारा नाही. हे मी दर हंगामात सांगतो, आणि दर हंगामात कोणीतरी सबवूफर घेऊन येतोच.

बोर्ड बदलण्याआधी एक तपासणी करा. आवाज मोठा ठेवा आणि बोर्डाच्या बॅटरीकडच्या पिनांवर मल्टिमीटर (व्होल्ट, ओहम मोजणारं मीटर) लावा. बॅटरीवर १२.५ आणि बोर्डावर १०.५ दिसत असेल तर दोष बारीक तारेचा किंवा ढिल्या चिमट्याचा. बॅटरीवरच १०.५ पर्यंत पडत असेल तर बॅटरी संपलेली आहे, चार्ज तरी नाहीतर आयुष्य तरी.

भंगारातला स्पीकर न तपासता लावणं

मीटरवर ८ ओहमचा स्पीकर साधारण ६ ते ७ दाखवतो, ४ ओहमचा ३ ते साडेतीन. काहीच दाखवत नसेल तर कॉइल, म्हणजे आतली तारेची गुंडाळी, तुटलेली. मग दोन्ही अंगठे कोनाच्या मध्याजवळ समोरासमोर ठेवून हळूच आत दाबा. खरखर जाणवली तर कॉइल घासते आहे. त्यावर वेळ घालवू नका. कडेचा फोम बोटाला पावडरीसारखा लागला तर तोही गेलाच. कागद नुसता फाटलेला असेल तर पातळ केलेला फेविकॉल आणि पतंगाचा कागद पुरतो. फेविक्विक नको, तो जागा कडक करतो.

४ ओहमचे दोन स्पीकर समांतर जोडले की २ ओहम होतात. बरेचसे बोर्ड तेवढं पेलत नाहीत, तापून बंद पडतात. दोन जोडायचेच असतील तर पेन्सिल सेल क्षणभर टेकवून पाहा. दोन्ही कोन एकाच दिशेने उडाले पाहिजेत. उलटसुलट जोडले तर खालच्या पट्टीतला, घुमणारा आवाज एकमेकांना खातो.

डबा

आवाज पोकळ येतो, जीव नाही, अशी तक्रार असेल तर नव्वद टक्के वेळा दोष डब्याचा. कोन पुढे ढकलतो तेव्हा मागची हवा ओढतो. मागची हवा फटीतून पुढे आली की दोन्ही मिळून शून्य. म्हणून नुसत्या फळीवर ठोकलेला स्पीकर मरतुकडा वाजतो. तेलाचा पिपा तर घेऊच नका, पत्रा स्वतःच गाणं म्हणतो. जुन्या कपाटाचं १२ मिलिमीटरचं प्लायवूड मिळालं तर उत्तम. सांधे फेविकॉलने बसवा, तारा निघतात ते भोक एम-सीलने बुजवा. मग कोन हळूच दाबून सोडा. डबा घट्ट असेल तर तो सावकाश परत येतो. पटकन आला तर कुठेतरी फट आहे. स्पीकर वाजवत ठेवून सांध्यांजवळ उदबत्ती फिरवा. जिथे धूर थरथरतो तिथे पुन्हा एम-सील लावा.

आत भरायला जुन्या गादीचा कापूस चांगला. मात्र स्पीकरच्या पाठीला आधी पातळ कापड बांधा, नाहीतर तंतू कॉइलमध्ये जातात. बोर्ड आणि बॅटरी कापसात कधीही ठेवू नका, त्यांना वेगळा कप्पा करा. आणि स्क्रूची भोकं स्पीकर बसवण्याआधी पाडा. लोखंडाचा कीस चुंबकाने एकदा ओढून घेतला की तो निघत नाही.

बॅटरी

फवारणी पंपाची १२ व्होल्ट ८ अँपिअर-तासांची बॅटरी या कामाला खरंच चांगली आहे. पण फवारणी संपली की ती रिकामीच गोठ्यात पडून राहते, आणि रिकामी पडलेली शिसे-आम्लाची बॅटरी आतून मरते. ठेवताना पूर्ण चार्ज करा, दोन-तीन महिन्यांनी पुन्हा एकदा. चार्जिंगसाठी ती डब्याबाहेर काढा. जास्त चार्ज झाली तर हायड्रोजन निघतो, आणि आपण तर डबा हवाबंद केलेला असतो.

लॅपटॉपचे जुने लिथियम सेल लावणाऱ्यांना मात्र मी दरडावून सांगतो. तीन सेल ओळीत लावले की पूर्ण चार्ज १२.६ व्होल्ट. पंपाचा चार्जर १४ च्या वर जातो. "१२ व्होल्टलेच तर लावला ना भाऊ," असं म्हणत एकाने तो लावलेला होता. बीएमएस, म्हणजे सेल सांभाळणारा छोटा बोर्ड, होता म्हणून निभावलं. बीएमएस म्हणजे चार्जर नव्हे, शेवटचं कुंपण आहे. चार्जर १२.६ चाच घ्या. २ व्होल्टच्या खाली गेलेला सेल जागवू नका. सेलवर थेट सोल्डर मारू नका, निकेल पट्टीला स्पॉट वेल्डिंग करून घ्या. आणि ४५ अंशांच्या वर चार्जिंग नाही. आपल्याकडे मे महिन्यात टिनाखाली दुपारी याहून जास्त असतं, तेव्हा चार्जिंग पहाटे आणि तुमच्या नजरेसमोर.

बॅटरी कुठलीही असो, तिच्या प्लसला लागूनच ५ अँपिअरचा फ्यूज हवा.

किरकोळ, पण बोर्ड जाळणाऱ्या गोष्टी

पीएएम८४०३ हा छोटा बोर्ड ५ व्होल्टचा आहे. १२ लावले की एकदाच धूर. अशा बोर्डांवर दोन्ही स्पीकरच्या मायनस तारा एकत्र करू नका, बॅटरीच्या मायनसलाही जोडू नका.

ब्लूटूथ लावल्यावर गाण्यामागे किर्र आवाज येत असेल तर ब्लूटूथला पॉवर बँकेवरून वीज देऊन पाहा. आवाज गेला तर बोर्ड आणि ब्लूटूथची मायनस सामाईक असल्याचा तो दोष. बी०५०५एस नावाचा छोटा आयसोलेटर (दोन्हींची वीज वेगळी ठेवणारा भाग) ब्लूटूथच्या विजेच्या तारेत घातला की काम होतं. तो ५ व्होल्टवर चालतो, हे विसरू नका. नागपूरला सीताबर्डीवर विचारा, नाहीतर ऑनलाइन मागवा.

स्पीकरच्या तोंडावर बारीक लोखंडी जाळी ठोका, प्लास्टिकची नको. हंगाम संपला की डबा गोठ्यातच जातो, आणि कागदी कोन उंदरांना फार आवडतो.