चुरगळलेला जुना फोटो दोनदा स्कॅन करा

आजी-आजोबांच्या लग्नातल्या फोटोला घड्या पडल्या असतील, किंवा तो खरखरीत दाणेदार कागदावर असेल, तर स्कॅन केल्यावर प्रत्यक्षापेक्षा जास्त खराब दिसतो. स्कॅनरचा उजेड एकाच बाजूने येतो आणि प्रत्येक घडीची सावली पडते. ती सावली आधीच घालवली की पुढचं काम निम्म्यावर येतं.

१. स्कॅनरची काच पुसून फोटो ६०० डीपीआयवर (दर इंचाला ६०० ठिपके), रंगीत मोडमध्येच (फोटो कृष्णधवल असला तरी) स्कॅन करा. टिफ फाइल (दर्जा न घटवणारा फाइलप्रकार) ठेवा.

२. फोटो काचेवरच उलट दिशेला, म्हणजे डोकं खाली, फिरवून त्याच सेटिंगवर पुन्हा स्कॅन करा. स्कॅनरचं आपोआप उजळणं बंद हवं.

३. गिम्प या फोटो-दुरुस्तीच्या सॉफ्टवेअरमध्ये (फुकट आहे) दोन्ही फाइली एकावर एक लेयर (थर) म्हणून उघडा. वरचा लेयर १८० अंशांत फिरवा, मोड ‘डिफरन्स’ करा (यात दोन थरांतला फरकच दिसतो) आणि चित्र जवळजवळ काळं होईपर्यंत सरकवा. डोळ्यांच्या कडांवर लक्ष ठेवा, तिथे चूक लगेच कळते. मग वरच्या लेयरचा मोड ‘नॉर्मल’ आणि ओपॅसिटी (अपारदर्शकता) ५० टक्के.

घड्यांच्या सावल्या बऱ्याच मावळतात. उरलेल्या भेगा हील टूलने, छोट्या ब्रशने भरा. चेहऱ्याला शेवटी हात लावा.

फोटो फ्रेमच्या काचेला चिकटला असेल तर ओढून काढू नका, चेहऱ्याचा थर काचेवरच राहतो. काचेसकटच स्कॅन करा.