अंगणातल्या काँक्रीटचे डाग काढताना या चुका टाळा

डाग दिसला की संडास धुवायची अ‍ॅसिडची बाटली उचलायची, ही सवय आधी मोडा. डागांनी खराब झालेली अंगणं मी पाहिली आहेत, पण त्या बाटलीने खराब झालेली त्याहून जास्त.

माझ्या मेव्हण्याचंच घ्या. कुंड्यांच्या लोखंडी स्टँडखाली गंजाचे चार तांबूस गोल उमटले होते. पाहुणे यायचे म्हणून गडी घाईत. पाणी न घालता अ‍ॅसिड ओतलं, फसफसून फेस आला, आणि हा खूश: "बघा, कसं काम करतंय!" काम करत होतं, पण सिमेंटवर. फेस गंजाचा नव्हताच, काँक्रीटमधला चुना विरघळून वायू सुटत होता. धुतल्यावर गोल फिके झाले खरे, पण वरचा घोटलेला थर गेला. बोट फिरवलं की वाळूचे कण हाताला लागायचे. शिवाय विरघळलेलं लोखंड पाण्याबरोबर पसरून चारही ठिकाणी पिवळट कड राहिली. पुढच्या आषाढात अंगणात पहिलं शेवाळ धरलं ते नेमकं तिथेच, कारण खरखरीत जागेत ओल आणि माती साठते. सासूबाई घसरता घसरता वाचल्या.

गंजासाठी मी ऑक्झॅलिक अ‍ॅसिडची पूड वापरतो. फरशी पॉलिश करणारे वापरतात तीच, हार्डवेअरच्या दुकानात मिळते. लिटरभर कोमट पाण्यात 100 ग्रॅम. आधी काँक्रीट साध्या पाण्याने भिजवून घ्या, म्हणजे ते द्रावण आत शोषून घेत नाही. मग त्यात बुडवलेलं फडकं डागावर पसरून वीसेक मिनिटं तसंच ठेवा, नायलॉनच्या ब्रशने घासा आणि भरपूर पाण्याने धुवा. पूड विषारी आहे. हातमोजे घालाच, पोरं आणि कुत्री लांब ठेवा. एका फेरीत डाग गेला नाही तर दुसरी फेरी करा, पूड दुप्पट करू नका. आणि स्टँडच्या पायांना रबरी टोप्या घाला, नाहीतर हेच दरवर्षी.

तारेचा ब्रश घेऊ नका. तुटलेल्या तारा फटीत अडकतात आणि पहिल्या पावसात स्वतःच गंजतात.

दुसरी माझ्या डोक्यात जाणारी चूक म्हणजे ऑइलवर रॉकेल किंवा पेट्रोल. गॅरेजवाल्यांना पाहून शिकलेली. काँक्रीट हे स्पंजासारखं. रॉकेलने ऑइल पातळ होतं आणि आणखी खोल उतरतं. वरून स्वच्छ दिसतं, चार दिवसांनी ऊन तापलं की काळा डाग परत हजर. स्कूटर गळाली तर आधी काहीही न घासता त्यावर लाकडाचा भुसा नाहीतर कोरडं सिमेंट टाका आणि रात्रभर ठेवा. सकाळी झाडून घ्या. जुन्या डागावर रांगोळी, धुण्याचा सोडा आणि थोडं पाणी यांचा थालीपिठाच्या पिठाइतका घट्ट लेप थापतो, वर प्लास्टिक, चोवीस तास. मग प्लास्टिक काढून लेप पूर्ण वाळू देतो, कारण वाळतानाच तो तेल वर ओढतो. तीन-चार वेळा करावं लागतं. "पाच मिनिटांत चकाचक" बघून आलेल्यांना हे पटत नाही. त्यांनी गाडीखाली पत्र्याचा ट्रे ठेवावा आणि विषय संपवावा.

शेवाळ नुसतं खरवडू नका, मुळाशी जिवंत राहतं. ब्लिचिंग पावडरचं पाणी संध्याकाळी शिंपडा. उन्हात टाकलं तर काम करायच्या आत सुकून जातं. तुळस आणि कुंड्या आधी बाजूला घ्या. जांभळाच्या डागांनाही हेच चालतं.

गंजावर मात्र ब्लिचिंग फुकट आहे. आणि ब्लिचिंगनंतर "जरा अ‍ॅसिडही मारून बघू" असं तर अजिबात नको. त्यातून क्लोरीन वायू सुटतो, उघड्या अंगणातसुद्धा घसा धरतो.

नव्या काँक्रीटवर पांढरा खार फुटला तर पाणी मारत बसू नका. पाण्यातच तो विरघळतो, आत जातो, वाळला की परत वर येतो. कोरड्या खराट्याने झाडा, भरून टाकून द्या.